चौपन्नाव्या वर्षी तैवानला

तुमच्या खिशातल्या मोबाइलची मुख्य चिप बहुधा तैवानच्या टीएसएमसी कंपनीत तयार झालेली असेल. ही कंपनी काढली मॉरिस चँग यांनी. मला मात्र त्यांचं मोठेपण कंपनी काढण्याआधीच्या तीस वर्षांत दिसतं, म्हणून आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्यांच्या नोकरीबद्दल.

जन्म 1931 चा, चीनमधल्या निंगबोचा. बालपण युद्धाच्या धामधुमीत गेलं. पुढे हार्वर्ड, तिथून एमआयटी. मेकॅनिकलची पदव्युत्तर पदवी मिळाली, पण पीएचडीच्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास झाले. मग नोकरी शोधणं आलं. फोर्डने महिना 479 डॉलर देऊ केले, सिल्व्हेनिया कंपनीच्या सेमीकंडक्टर विभागाने 480. चँगनी फोर्डकडे वाढ मागितली, ती मिळाली नाही. 1955 साली ते सिल्व्हेनियात रुजू झाले. सेमीकंडक्टरचं शिक्षण नव्हतंच; रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टरचे एक जनक शॉकले यांचा त्या विषयावरचा ग्रंथ घेऊन बसायचे.

1958 साली डॅलसला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गेले. तिथे आयबीएमसाठी ट्रान्झिस्टर बनत होते, म्हणजे बनायला हवे होते. शंभर नगांतले धड किती निघाले, याला कारखान्यात यील्ड म्हणतात. इथे ते जवळपास शून्य होतं! चँग भट्टीपाशी ठाण मांडून बसले. तापमान थोडं बदलायचं, दाब थोडा बदलायचा, निकाल पाहायचा, पुन्हा बदलायचं. काही महिन्यांत यील्ड वीस टक्क्यांच्या वर गेलं. खुद्द आयबीएमच्या कारखान्यात ते दहाच्या आसपास होतं. मग कंपनीनेच त्यांना स्टॅनफर्डला धाडलं आणि 1964 साली ती राहिलेली पीएचडी झाली. अधिकारी पुष्कळ असतात. माल कुठे आणि का बिघडतो हे हाताने शिकलेला अधिकारी विरळा.

तरीही सर्वोच्च पद मिळालं नाही. सेमीकंडक्टरमधून त्यांना ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विभागात हलवलं गेलं आणि 1983 साली त्यांनी कंपनी सोडली. पुढची जनरल इन्स्ट्रुमेंटमधली नोकरी अल्पकाळाचीच. पण तिथे गॉर्डन कॅम्पबेल नावाचे उद्योजक भांडवल मागायला आले. पाच कोटी डॉलर हवे होते. काही आठवड्यांनी म्हणाले, पन्नास लाखांत भागेल. चिप आम्ही आखू, बनवून दुसऱ्यांकडून घेऊ.

1985 साली तैवान सरकारने बोलावलं तेव्हा चँग चौपन्न वर्षांचे होते. 1987 साली टीएसएमसी उभी राहिली. तिच्यामागचा विचार कॅम्पबेल यांच्या बोलण्याशी जुळणारा होता. लेखकाने छापखाना काढायची गरज नाही, तसं चिप आखणाऱ्याने कारखाना काढायची गरज नाही. आणि छापखानेवाल्याने स्वतःची पुस्तकं काढून लेखकाशी स्पर्धा करायची नाही. इंटेलने पैसे घालायला नकार दिला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनेही. फिलिप्स आली, आणि जवळजवळ निम्मं भांडवल सरकारने घातलं.

2005 साली त्यांनी दैनंदिन कारभार सोडला. 2009 च्या मंदीत कंपनीने कामगार कमी केले, तेव्हा सत्त्याहत्तराव्या वर्षी ते परत सूत्रं हाती घेऊन बसले. काढलेल्यांना पुन्हा कामावर बोलावलं आणि नव्या कारखान्यांवरचा खर्च वाढवला. स्मार्टफोनची लाट आली तेव्हा ते कारखाने तयार होते.