नारळ गाडीला फुटतो



अग्निशामकांच्या या मेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार. स्वागताध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं, त्यांचेही आभार. श्रीफळाबद्दल पुढे बोलणारच आहे.

अध्यक्षाने आढावा घ्यावा अशी रीत आहे, तो घेतो. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली, आणि दर जानेवारी-जुलैत प्रमाणपत्राचे कागद आपल्या टेबलावर येऊ लागले. ते तपासायला जो जाईल तो बंबावर नसतो, एवढीच माझी टिप्पणी. पंधराव्या वित्त आयोगाने अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपये वेगळे काढले. केंद्राची योजना 2023 साली आली, त्यात आपल्यासारख्या राज्याने पंचवीस टक्के घालायचे. त्यातून अग्निशमन केंद्रं बांधता येतात, गाड्या आणि साधनं घेता येतात, प्रशिक्षण देता येतं. पगार देता येत नाही.

झाला आढावा. शेवटचं वाक्य बोलायला मी नोकरीची एकतीस वर्षं थांबलो होतो, म्हणून आता जरा त्यावरच बोलतो.

नवा बंब आला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मंडप पडतो. बॉनेटवर हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. फोटोत पुढच्या रांगेत सगळे असतात, त्या गाडीवर ज्याला बसायचंय तो सोडून. कारण तो नसतोच. त्याचं पद आकृतिबंधात असतं, आकृतिबंध मंजुरीला असतो, आणि मंजूर झालं तरी आस्थापना खर्चाची मर्यादा आडवी येते. नारळ गाडीला फुटतो, माणसाला कधी फुटलेला मी पाहिला नाही.

हिशोब साधा आहे. एका बंबावर चालक-यंत्रचालक एक, लिडिंग फायरमन एक, फायरमन चार. झाले सहा. तीन पाळ्यांचे अठरा. साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण धरलं की चोवीसच्या खाली जमत नाही. एका गाडीला चोवीस. तुमच्यापैकी कुणाकडे एवढे आहेत त्यांनी हात वर करावा. असू द्या, हात बघायची गरज नाही.

पुणे जिल्ह्यातल्या आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात उसाला लागलेल्या आगीची एक रात्र सांगतो. फेब्रुवारीतली, वारा सुटलेला. वर्दी मिळाली, लगेच आमचा बंब बाहेर पडला. टर्नआउट उत्तम, वहीत तसं लिहिलंय. गाडीवर दोघं: मी आणि चालक. चालकाला पंपापासून हलता येत नाही, त्यामुळे ब्रँच, म्हणजे होजचं तोंड, धरायला उरलो मी एकटा. त्रेसष्ट मिलिमीटरच्या होजला दाब आला की तो माणसाला कसा फेकतो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. साडेचार हजार लिटरची टाकी, ब्रँच दोन मिनिटं उघडायचा, पाच मिनिटं बंद करून होज ओढत पुढे न्यायचा. पाणी संपत आलं. शेजारी शेततळं भरलेलं होतं, पण सक्शन जोडून तळ्यात सोडायचा तर ब्रँच टाकून मलाच धावावं लागणार. शेवटी आग कुणी अडवली? वाडीवरच्या पंधरा-वीस जणांनी. कोयते घेऊन ते वाऱ्याच्या पुढे गेले, उभ्या उसात पट्टा तोडला, आणि आग तिथे येऊन थांबली. ते शेतकरी मला चहा देत होते आणि मला कप धरता येत नव्हता. हात भाजले होते म्हणून नव्हे. जळालेल्या उसाची कपात त्यांच्या बिलात होणार, आणि माझ्या अहवालात ‘बंब वेळेवर पोहोचला’ असं येणार, हे मला कळत होतं.

सकाळच्या सत्रात वाद झाला, कंत्राटी मुलं घ्यावीत की कायमच्याच जागांसाठी अडून बसावं. दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे मांडले. माझ्या हाताखाली एक कंत्राटी मुलगा होता. विहिरीत उतरायला त्याच्यासारखा गडी मी पाहिला नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात विहिरीची वर्दी आगीएवढीच ठरलेली: कधी माणूस, कधी गाय, आणि बिबट्या असला तर वन खात्याच्या लोकांच्या जोडीला आपण. तीन वर्षं मी त्याला शिकवलं. मग चाकणच्या एका कंपनीच्या फायर टीमने त्याला जास्त पगार देऊन नेलं. चांगलं झालं, त्याचं लग्न ठरलं. माझ्याकडे त्याच्या जागी पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन आला, गुडघेदुखीचा. आमच्या केंद्रापुरता तो वाद तिथेच मिटला.

दुसरा वाद हद्दीचा. नगरपरिषदेच्या बंबाने खेड्यात का जावं, डिझेल कुणाचं, आकार घ्यावा की नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सातवा विषय अग्निशमन सेवा आहे. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. त्यात आग नाही. म्हणजे 2011 च्या जनगणनेत जवळजवळ चार लाख लोकसंख्येचा जुन्नर तालुका, सव्वादोन लाखांच्या वरचा आंबेगाव. त्यातल्या ओतूरला किंवा घोडेगावात घर पेटलं तर विझवणं हे कायद्याने नेमकं कुणाचं काम, यावर दिवसभर वाद घालता येईल. मी घालत नाही. फोनवर बाई रडत असते, तिला हद्द विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. आकाराची पावती नंतर फाडायची म्हणून मी पुस्तक नेत असे. ते कोरंच परत येई.

माळीण गावावर कोसळलेल्या दरडीबद्दल मी बोलणार नव्हतो. 30 जुलै 2014. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. दीडशेवर माणसं गेली. एनडीआरएफच्या तुकड्या आल्या, त्यांनी दिवसरात्र काम केलं, त्यांना माझा नमस्कार आहे. पण त्या पावसात, चिखलात, आमच्या बंबाचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोग होता तो दोराला, फावड्याला आणि ते धरणाऱ्या शिकलेल्या हातांना. गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि आम्ही जेवढे होतो तेवढे उतरलो. जेवढे होतो, तेवढे. नीट मोजलं असतं तर एका जीपमध्ये मावलो असतो.

14 एप्रिलला आपण 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या सहासष्ट जवानांना मानवंदना देतो. ती देताना तरी रांग भरलेली असावी, म्हणून गेल्या काही वर्षांत काही ठिकाणी सफाई कामगारांना आमचे गणवेश घालून उभं केलं गेलं. मी पाहिलंय. त्यांचा यात दोष नाही. गणवेश ढगळ होते, एवढंच.

आता पुढचं काम. दोन्ही तालुक्यांतली मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं एका कागदावर आणायची आहेत. कुणी आणायची ते चहाच्या वेळी ठरवू. कारखाने, बाजार समित्या, पंचायत समित्या आणि आपण मिळून पगाराचा वाटा उचलता येईल का, यावर एक टिपण करायचंय. गेल्या वेळी ते मीच करणार होतो. झालं नाही. निवेदन पाठवायचं असलं तर माझी एकच अट: त्यात ‘वाहन’ हा शब्द येता कामा नये.

बाहेर पानं मांडली आहेत असं कळतं. बरेच जण सकाळपासून कुणाला तरी बदली उभं करून आलेत. ज्यांना दुपारच्या पाळीला परत जायचंय, त्यांना पहिल्या पंगतीत बसवा.