आपली कुंडलिका



काशीदहून अलिबागला जाताना साळावचा पूल लागतो. एसटी पुलावर आली, की खाली रुंद पाणी दिसते. अलीकडे कोर्लईचा किल्ला, पलीकडे रेवदंडा. हे पाणी कुणाचे? कुणी म्हणेल समुद्राचे, कुणी म्हणेल नदीचे. दोघांचेही बरोबर. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते.

नदी तशी लहान. सह्याद्रीत भिऱ्याच्या बाजूला तिचा उगम. कोलाड, रोहे करीत ती खाली येते. कोकणच्या नद्या अशाच. डोंगर जवळ, समुद्र जवळ. पावसाळ्यात धो धो वाहायचे, उन्हाळ्यात आटायचे. युरोपात भूमध्य समुद्राच्या काठीही अशा लहान नद्या आहेत. पण तिकडे पाऊस थंडीत पडतो. शिवाय त्या समुद्राला भरती-ओहोटी फार थोडी. आपल्याकडे भरतीचे पाणी खाडीतून थेट रोह्यापर्यंत चढते. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे कोळी बांधवांना मी काय शिकवणार!

मग कोलाडला कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, ती कशी? गंमत ऐका. घाटावर मुळशीला मुळा नदी आहे. तिचे पाणी पूर्वेला जायचे. आधी भीमेत, मग कृष्णेत, शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटा कंपनीने तिच्यावर धरण बांधले. ते पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याला आणले. १९२७ पासून तिथे वीज होते. वीज केली म्हणून पाणी काही संपत नाही. ते कुंडलिकेत येते. डोलवहाळच्या बंधाऱ्यापाशी त्यातले काही कालव्याने शेतीला जाते. उरलेले आपल्या पुलाखालून अरबी समुद्रात.

पण हे फुकट झालेले नाही. मुळशीकडच्या शेतकऱ्यांची घरे, भातखाचरे धरणात बुडाली. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. त्यांना तुरुंगात जावे लागले. धरण मात्र झालेच. शाळेत मी आधी विजेचे सांगत असे, आणि तास संपून जाई. बुडालेली गावे राहून जात. आता आधी गावांचे सांगतो.

आणखी एक. भिऱ्याला यंत्रे सुरू झाली, की नदी चढते. आभाळ निरभ्र असते, पावसाचा थेंब नसतो, तरी चढते. कोलाडकडे लेकीच्या घरी गेलात, धुण्याला किंवा अंघोळीला नदीवर उतरायचे झाले, तर आधी तिथल्या माणसाला विचारा, "पाणी केव्हा सोडतात हो?" काठी पाटी असेल तर ती वाचा. पाटी नसेल तर खडक बघा. ओल जिथवर दिसते, तिथवर पाणी येऊन गेलेले असते. पोरांना त्याच्या खाली सोडू नका.