पाणमांजराचें कुळ

नवी मुंबईच्या खाडीकांठचें मुंगूस रूपानें हिमालयांतील वीझलसारखें. पण त्याचें कुळ निराळें. उलट, पाणमांजर नांवानें मांजर, परंतु वीझलच्याच कुळांतलें. नांव फसवितें, रूपही फसवितें. मग लुप्त प्राण्याचें कुळ ठरवावें कसें?

पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण लाव्ह्याचा. हाडें टिकतात तीं नदीच्या गाळांत. हिमालयाच्या पायथ्याशीं, शिवालिकच्या गाळांत सांपडलेल्या एका लुप्त पाणमांजरास लायडेकर यांनीं १८८४ मध्यें ‘लुट्रा’ या विद्यमान प्रजातींत बसविलें. १९३१ मध्यें पिलग्रिम यांनीं त्याच्यासाठीं ‘शिवाओनिक्स’ ही स्वतंत्र प्रजाति स्थापिली. प्राणी तोच, घर बदललें.

बहुधा जबडा आणि दांत एवढीच साक्ष उरते. ती पुनःपुन्हां तपासावयाची आणि निकाल फिरविण्यास लाजावयाचें नाहीं, हीच वर्गीकरणाची रीत.