वडीलधाऱ्यांचा दवाखान्याचा विमा



पिकाचा विमा आपण उतरवतो, दुभत्या जनावराचाही उतरवतो. "पण साहेब, माझं काय?" असं एका आजोबांनी मला बांधावरच विचारलं. प्रश्न रास्त होता. म्हणून खता-बियाण्याचा माझा नेहमीचा विषय आज बाजूला ठेवतो. घरात म्हाताऱ्या माणसाचं एक ऑपरेशन निघालं की दावणीचं जनावर बाजाराला लागतं, हे आपण सगळे पाहतो.

तर आधी वय बघा. ज्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं आहे. यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार फुकट होतात. जमीन दोन एकर की वीस, हे कुणी विचारत नाही. हप्ता नाही. जुनं दुखणं असलं तरी चालतं. घरात आधीचं आयुष्मान कार्ड असेल, तर सत्तरीच्या वरच्यांना हे पाच लाख वेगळे मिळतात; तरुण मंडळींनी त्यात वाटा मागायचा नाही. मात्र आजी आणि आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच लाख, हे ध्यानात असू द्या.

वडील पासष्टचे असतील तर? त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती कुटुंबामागे पाच लाखांची झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू झाली. तेव्हा शिधापत्रिकेत म्हाताऱ्यांचं नाव आहे ना, ते आजच उघडून पाहा. वाटण्या झाल्या की आई एकाच्या घरी आणि तिचं नाव दुसऱ्याच्या कार्डावर, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो.

खरी अडचण येते ती आधारची. वय वंदना कार्डाला वयाचा दुसरा कुठलाही पुरावा चालत नाही, आधारवरचंच वय धरतात. आपल्याकडे जुन्या माणसांची जन्मतारीख अंदाजानं लिहिलेली. "दुष्काळाच्या आदल्या साली जन्म" म्हटलं की लिहिणाऱ्यानं बसवली एक तारीख! पंचाहत्तरीचे आजोबा कागदावर सदुसष्टचे निघतात. दुरुस्तीला पुरावा लागतो आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. शाळेचा दाखला वगैरे शोधायला वेळ जातो. माणूस खाटेवर पडल्यावर ही धावपळ होत नाही; पेरणी आटोपली की उसंत असते, तेव्हाच करा.

दुसरं बोटांच्या ठशांचं. जन्मभर खुरपं-नांगर धरलेल्या हातांचे ठसे झिजतात, यंत्र ते घेत नाही. मग केंद्रवाला "उद्या या" म्हणतो. परत फिरू नका. डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरूनही ओळख पटवता येते. तो आकडा मात्र केंद्रावर समोर बसूनच सांगा, फोनवरून कुणी मागितला तर देऊ नका. कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागणाराही घरी येईल. त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा.

आता या विम्यात काय बसत नाही, तेही सांगतो, म्हणजे नंतर वाद नको. सर्दी-पडसं, रोजची बीपीची गोळी, नुसती तपासणी यांचे पैसे मिळत नाहीत. दाखल होऊन घ्यायचे, योजनेच्या यादीतले उपचारच यात येतात. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, कर्करोगाचे मोठे उपचार यादीत आहेत. रुग्णालयही योजनेत आणि त्या आजारासाठी मान्य असलेलंच हवं. बाहेर पैसे भरून मागून पावती दाखवली तर परत मिळत नाहीत. म्हणून दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि कार्ड दाखवा.

जवळचं रुग्णालय कोणतं, हे विचारायला किंवा योजनेत असूनही पैसे मागितले तर तक्रार करायला आयुष्मानचा नंबर १४५५५ आणि फुले योजनेचा १५५३८८. दोन्ही नंबर घरातल्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेत तरी चालेल.