पडद्यावरचा भाव आणि पेठेतला व्यवहार



डिचोलीचा बुधवारचा, पेडण्याचा गुरुवारचा आणि म्हापशाचा शुक्रवारचा, या बाजारांनी उत्तर गोव्यातील खेड्यांचा आठवडा वर्षानुवर्षे बांधून ठेवला आहे. कुळागरातील नारळ-सुपारी, मळ्यातील भाजी, कुंभाराची मडकी तेथे विकली जातात आणि त्याच पैशांतून वाणसामान, कापड व मुलांच्या वह्या घरी येतात. आज या बाजारांशेजारी आणखी एक बाजार उभा राहिला आहे. त्याला जागा लागत नाही, वारही लागत नाही. तो प्रत्येकाच्या मोबाईलच्या पडद्यावर भरतो. त्याचे स्वागत करावे की विरोध, हा प्रश्न आता मागे पडला आहे. त्याचा खर्च कोण भरतो, हे समजून घेणे अधिक अगत्याचे आहे.

घरबसल्या माल मागविणे ही काही नवी गोष्ट नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. माल हाती आल्यावर पैसे मोजण्याची सोय तेव्हापासूनची आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांक आले. पेडण्याचा ४०३५१२ आणि डिचोलीचा ४०३५०४ हे आकडे आज टपालापेक्षा पार्सलांसाठीच अधिक वेळा लिहिले जात असतील. मात्र वर्तमानपत्रातील जाहिरातीचा दर छापील व ठरलेला असे. पडद्यावरील जाहिरातीचे तसे नाही.

जाहिरातीची पावणी

गोव्यात लिलावाला पावणी म्हणतात. ग्राहकाने मोबाईलवर एखादी वस्तू शोधली की त्या क्षणी जाहिरातीच्या जागेची पावणी होते. जाहिरातदाराची बोली आणि त्याच्या जाहिरातीची उपयुक्तता, दोन्ही पाहून जागा दिली जाते. पुष्कळदा ग्राहकाने जाहिरातीवर बोट टेकवताच पैसे लागू होतात, मग तो माल घेवो अथवा न घेवो. समजा, एका स्पर्शाला ४ रुपये पडले आणि पन्नास जणांमागे एकाने खरेदी केली, तर त्या एका विक्रीवर २०० रुपये खर्च झाले. पाचशे रुपयांच्या वस्तूवर सव्वाशे रुपये सुटणाऱ्या दुकानदाराने विक्री केली खरी, पण पंच्याहत्तर रुपये पदरचे घातले. हजारो वस्तू विकणारी कंपनी हा तोटा पुढच्या खरेदीत भरून काढते. पेठेतील दुकानदाराला ते साधत नाही. शिवाय जाहिरातसेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळू शकते, नोंदणी नसलेल्या लहान दुकानदाराला ती मिळत नाही.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. गुगलच्या जाहिरात-व्यवस्थेत बदल न केल्यास जाहिरात त्या प्रदेशात असलेल्यांनाच नव्हे, तर त्या प्रदेशात रस असलेल्यांनाही दिसते. गोव्याविषयी रस असलेले लोक देशभर आहेत. त्यामुळे पेडण्यातील फर्निचरवाल्याची जाहिरात दिल्लीत बसून सहलीचा बेत आखणाऱ्यासमोर जाते आणि पैसे पेडण्याचे खर्च होतात.

वाड्यापर्यंतचे अंतर

दुसरा खर्च पोहोचविण्याचा. शहरातील एका इमारतीत पाच पार्सले देता येतात. खेड्यात त्याच पाच पार्सलांसाठी पाच वाडे फिरावे लागतात. घर सापडले नाही किंवा माणूस शेतावर गेला असला, तर फेरी दुप्पट होते. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. माल पेडणे तालुक्यात विमानाने उतरू शकतो. परंतु तेथून वाड्यापर्यंतचे अंतर जेवढे होते तेवढेच आहे.

कुरियरचा आकार केवळ वजनावर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाहून अधिक असेल तर तोच धरतात. डिचोलीच्या कुंभाराचे दोन किलोंचे मडके तिन्ही बाजूंनी ३० सेंटीमीटरच्या खोक्यात घातले, तर त्याचे वजन ५.४ किलो मानले जाते. फुटण्याची धास्ती वेगळीच. याउलट हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अर्ध्या किलोची तिची पुडी लहान खोक्यात मावते, मोलही चांगले येते. तात्पर्य, मिरचीने ग्राहकाकडे जावे आणि मडक्यासाठी ग्राहकाने डिचोलीस यावे. मडके पाठविण्यावर खर्च करण्यापेक्षा किनाऱ्यावरील पर्यटकाला चाकापर्यंत आणणारी जाहिरात स्वस्त पडेल.

पेठ टिकण्याचे महत्त्व

डिचोलीच्या पेठेने कठीण काळ पाहिला आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मार्च २०१८ मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या. ट्रकमालक, गॅरेजवाले, खाणावळवाले अशा कितीतरी घरांची मिळकत आटली. अशा दिवसांत ओळखीवर उधारी मिळते ती गावातील दुकानात. पडद्यावरील दुकान हप्ते देते, परंतु घरची अडचण जाणून चतुर्थीपर्यंत थांबत नाही. दहा रुपये वाचविताना ही वही बंद पडली, तर ते दहा रुपये महाग पडतील.

काय करता येईल

दुकानदारांनी जाहिरात आपल्या परिघात प्रत्यक्ष असलेल्यांपुरतीच ठेवावी. नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते. ती प्रथम करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीविना, पोर्टलवरील नोंद-क्रमांक घेऊन, ऑनलाइन मंचावरून राज्यांतर्गत माल विकता येतो. बचतगटांनी पार्सले एकत्र पाठवावीत. गावातील सोसायटी किंवा दुकान हे ठरलेले ठिकाण करून, ग्राहकांनी बाजाराच्या दिवशी तेथून माल न्यावा. पाच वाड्यांच्या पाच फेऱ्यांची मग एकच फेरी होईल.

ग्राहकांनी वस्तूचा भाव न पाहता एकूण रक्कम पाहावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार पोहोच-आकारासह एकूण किंमत व तिचा तपशील दाखविणे बंधनकारक आहे. पैसे भरण्याच्या वेळी नवे आकार पुढे करणे ही २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

शिक्षकांना तर येथे गणिताचा तयार धडा सापडेल. एकाच वस्तूचा पेठेतील भाव आणि पडद्यावरील एकूण खर्च मुलांनी फळ्यावर शेजारी शेजारी मांडावा. कधी पेठ स्वस्त ठरेल, कधी पडदा. परंतु हिशेब करून घेतलेली वस्तू आणि जाहिरातीने घ्यायला लावलेली वस्तू, यांतील फरक ज्या घरात कळला, त्या घराची फसवणूक सहजासहजी होणार नाही.