शहराचें पाणी व शहराची घाण
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



मुंबई पाहून आलेला मनुष्य गांवीं सांगतो कीं, तेथें तोटी फिरविली कीं पाणी येतें आणि घाण आपोआप नाहींशी होते. ही जादू नव्हे. ज्याला शेतांत पाट काढतां येतो, त्याला ही सारी व्यवस्था घटकाभरांत समजेल.

प्रथम पाणी घ्या. मुंबईला १८६० सालीं विहार तलावाचें पाणी मिळूं लागलें. तें पुरेना, म्हणून १८९२ सालीं तानसाचें आणलें. पुढें वैतरणा व भातसा या नद्यांवर धरणें झालीं. आज शहराला रोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी मिळतें. त्यांत तुरटी घालून गाळ खालीं बसवितात, तें वाळूंतून गाळतात व क्लोरिन घालून जंतु मारतात. मग टेकड्यांवरील टांक्यांत सांठवून उतारानें घरोघर सोडतात. नियम पाटाचाच. पण ज्या शहापूर तालुक्यांतून यांतलें पुष्कळ पाणी जातें, तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात, हेंही ध्यानांत ठेवा.

आतां घाण. गटारालाही सतत उतार लागतो. म्हणून तें जसजसें पुढें जाईल तसतसें खोल जातें. फार खोल गेलें म्हणजे, मोटेनें विहिरीचें पाणी काढावें तसा, मैला पंपानें वर उचलून पुन्हां उतारास लावतात. शेवटीं वरळी व वांद्रें येथें समुद्राखालच्या तीन किलोमीटरांहून लांब बोगद्यांतून तो खोल पाण्यांत जातो.

नळांत पाण्याला जोर असतो; गटारांत बहुधा केवळ उतार. म्हणून गाळ, चिंध्या, प्लॅस्टिक अडकलें कीं तें तुंबतें. मग झांकण उघडून माणूस उतरवितात. तो कोणत्या जातीचा असतो, हें तुम्हांस सांगावयास नको.

कोंडलेल्या जागेंत मैला कुजला कीं विषारी वायु होतो. थोडा असला तर सडक्या अंड्याची घाण येते. फार झाला कीं नाक बधिर होऊन वासच कळत नाहीं. माणूस क्षणांत कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, तोही जातो. हें प्रारब्ध नव्हे. हें काम यंत्रानें होतें. माणूस स्वस्त पडतो म्हणून त्याला उतरवितात.

२०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून गटार साफ करविणें गुन्हा ठरविला. सुप्रीम कोर्टानें २०१४ सालीं मृताच्या कुटुंबास १० लाख रुपये देण्याचा हुकूम केला, आणि २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. मृत्यु मात्र थांबले नाहींत.

हें शहराचेंच दुखणें, असें समजूं नका. आतां गांवोगांवीं संडासाच्या टांक्या झाल्या आहेत. त्यांतही तोच वायु असतो. टांकी भरली तर मैला ओढणारी गाडी बोलवा. पैसे वांचविण्यासाठीं कोणालाही आंत उतरवूं नका. कोणी आंत पडलाच, तर मागोमाग उडी घेऊं नका. अग्निशामक दलास बोलवा. आणि तुमचा मुलगा शहरांत रोजगारास गेला असेल, तर त्याला बजावून सांगा: दुप्पट मजुरी मिळाली तरी गटारांत उतरूं नको. नाहीं म्हणण्याचा हक्क कायद्यानेंच त्याला दिला आहे.