शेजारणीचे दार



शेजारी कुणी आजारी पडले की आपण पेज घेऊन धावतो. त्याच पावलांनी दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोडही शिरते. मी स्वतः त्यातलीच! शेजारची सून रात्री उशिराच्या कसारा लोकलने शहाडला उतरते, ती कुठे जाते, असे मी जिन्यात सहज बोलले. दोन दिवसांत ते चाळभर झाले. तिची आई मुंबईला इस्पितळात होती, हे मागाहून कळले. त्या संक्रांतीला ती वाणाला आली नाही.

आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला सांगते. एक पोलीस अधिकारी रात्री एका बाईच्या झोपडीत शिरला. तिने आरडाओरडा केला. खात्याने त्याला बडतर्फ केले. उच्च न्यायालयाने मात्र बाई ‘तसली’ म्हणून तिच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे मानले. (आपण चाळीत निराळे काय करतो?) १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: बाई कशीही असो, तिच्या खाजगीपणावर घाला घालण्याचा हक्क कोणालाही नाही. पुढे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा सर्वांचाच मूलभूत हक्क ठरवला.

येत्या संक्रांतीला मी शेजारी जाणार आहे. माफी कोणत्या शब्दांत मागायची, तेवढे अजून सुचत नाही.